घरच्या व्यायामखोलीसाठी साहित्य: १० बाय ११ फुटांची खोली, पाचवा मजला

पाऊलवाट

नमस्कार. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पाचव्या मजल्यावर आमची सदनिका आहे. मुलगी शिक्षणासाठी परगावी गेल्यापासून १० बाय ११ फुटांची एक खोली मोकळी आहे आणि तिथे घरच्या घरी व्यायामाची सोय करावी, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. मी ४६ वर्षांचा आहे. पूर्वी तीन वर्षे नियमाने जिमला जात होतो आणि स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक), बेंच प्रेस (बेंचवर उताणे झोपून बार वर ढकलणे) व डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणे) हे तिन्ही प्रकार तिथल्या प्रशिक्षकांच्या नजरेखाली शिकलो होतो. मात्र कार्यालय हिंजवडीला हलल्यापासून जाण्यायेण्यातच रोजचे दोन-अडीच तास जातात आणि जिम सुटली ती सुटलीच. पत्नी ४४ वर्षांची आहे. तिने आजवर वजने उचललेली नाहीत, पण हाडांची घनता कमी होऊ लागल्याचे तपासणीत दिसल्यावर डॉक्टरांनी तिला वजनांचे व्यायाम सुरू करायला सांगितले आहे. वडील ७१ वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात.

एकूण ५० हजार रुपये खर्च करण्याची तयारी आहे. दोन दुकाने पाहून झाली. एका ठिकाणी पुल्या, बैठक आणि वजनांची चळत एकाच सांगाड्यात असलेले मल्टिजिम घ्या, असे सांगितले. दुसऱ्या ठिकाणी ट्रेडमिल आणि सोबत २० किलोंचा 'होम जिम संच' सुचवला. दोन्हींत पैसे जवळजवळ संपतात. एकदा आणलेले अवजड साहित्य पुन्हा विकणे किती कठीण असते हे नातेवाइकांच्या घरी पाहिले आहे, म्हणून नेमके काय घ्यावे, हे घाई न करता इथे विचारतो आहे. फरशीपासून स्लॅबपर्यंतची उंची ९ फूट २ इंच आहे आणि खोलीच्या मधोमध पंखा आहे.

जुना_आखाडा

तुम्ही मोजमापे दिलीत हे फार चांगले केलेत, कारण बहुतेक जण आधी वस्तू आणतात आणि मग तिला जागा शोधत बसतात.

साहित्य निवडताना मी एकच कसोटी लावतो. आज ज्या वजनाने व्यायाम सुरू कराल, त्यापेक्षा अधिक वजन वर्षभराने त्याच साहित्यावर घालता येईल का? शरीर हळूहळू वाढत्या भारालाच प्रतिसाद देते. भार वाढवण्याची सोय जिथे संपते तिथे त्या साहित्याचा उपयोगही संपतो आणि ते कोपऱ्यात जाते. या कसोटीवर घरगुती मल्टिजिम सहसा टिकत नाही. त्याच्या वजनांची चळत ठरलेली असते, हालचालीचा मार्ग ठरलेला असतो, पुलीच्या घर्षणामुळे चळतीवर लिहिलेला आकडा आणि हाताला जाणवणारा भार यांत फरक पडतो, आणि तुमच्या खोलीत ते मधली जागा अडवून बसेल. पायांसाठी तर त्यात फारसे काही नसतेच.

२० किलोंच्या त्या संचाविषयीही स्पष्ट सांगतो. अशा संचातील प्लेटा, म्हणजे रॉडवर चढवायच्या वजनाच्या चकत्या, बहुधा पीव्हीसीच्या कवचात वाळू-सिमेंट भरलेल्या असतात. त्या जाड असल्यामुळे दांड्यावरची जागा लवकर संपते, आपटल्यास कवच फुटते आणि भुकटी बाहेर येते. सोबतचा तीन किंवा पाच फुटांचा रॉड साधारण २५ ते ३० मिलिमीटर जाडीचा असतो. वर ढकलण्याच्या व्यायामांना तो चालतो. पण स्क्वॉटच्या स्टँडवर पाच फुटी रॉड नीट बसत नाही, कारण स्टँडची रुंदीच साधारण चार फूट असते आणि रॉडच्या मधल्या मोकळ्या भागाची लांबी त्याहून कमी पडते.

त्याऐवजी ऑलिंपिक मापाचा बार घ्या. पुरुषांच्या स्पर्धेतील बारचे वजन २० किलो, लांबी २.२ मीटर, मधल्या दांड्याचा व्यास २८ मिलिमीटर आणि प्लेटा बसतात त्या टोकांचा व्यास ५० मिलिमीटर असतो. महिलांचा बार १५ किलोंचा, २.०१ मीटर लांबीचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा असतो. दोन्हींची टोके ५० मिलिमीटरचीच असल्यामुळे एकाच प्लेटा दोन्हींना लागतात. त्यामुळे पुढे वहिनींसाठी बारीक दांड्याचा दुसरा बार घ्यावासा वाटला तरी प्लेटा नव्याने घ्याव्या लागणार नाहीत. टोके मधल्या दांड्यापासून स्वतंत्र फिरतात ना, हे दुकानातच फिरवून पाहा. तुमच्या खोलीच्या ११ फुटी बाजूला समांतर बार ठेवला तर दोन्हीकडे जेमतेम ५७ सेंटिमीटर जागा उरते. प्लेट चढवायला ती पुरते. १० फुटी बाजूला ४२ सेंटिमीटरच उरतील आणि प्रत्येक वेळी भिंतीला कोपर लागेल.

प्लेटा ओतीव लोखंडाच्या घ्या. त्या किलोच्या भावाने मिळतात, कधी खराब होत नाहीत आणि जुन्या मिळाल्या तर अवश्य घ्याव्यात. मात्र वजनकाट्यावर तोलल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एकदा जुन्या प्लेटांचा ढीग उचलून आणला आणि वर्षभर उजवा खांदा डाव्यापेक्षा आधी थकतो म्हणून काळजीत होतो. शेवटी किराणा दुकानातील काट्यावर तोलल्यावर कळले की १५ किलोंच्या जोडीतील एक प्लेट दुसरीपेक्षा जवळपास किलोभर जड होती.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, माझे साहित्य तळघरात आहे. एवढेच सांगायचे आहे की इंटरनेटवरील घरगुती जिमच्या चित्रफिती पाहून निर्णय घेऊ नका. त्यातल्या बहुतेक इथल्या गॅरेजमध्ये काढलेल्या असतात, जिथे पायाखाली थेट जमिनीवर ओतलेले काँक्रीट असते आणि त्यावर घोड्यांच्या तबेल्यात अंथरतात ती पाऊण इंच जाडीची रबराची चटई टाकलेली असते. वजन वरून सोडून दिले तरी खाली कोणी राहत नसते. तुमच्या खाली चौथा मजला आहे.

ओळंबा

मी बांधकाम अभियंता आहे. वरच्या मजल्यावर व्यायामाचे साहित्य ठेवता येते का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहितो.

भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार राहत्या घराच्या खोल्यांसाठी चल भार, म्हणजे माणसे आणि सामान यांचा भार, प्रति चौरस मीटर २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो धरला जातो. तुमची खोली साधारण १० चौरस मीटरची आहे. आता समजा, स्टँड आणि बेंच मिळून ८० किलो, बार आणि प्लेटा १२० किलो आणि तुम्ही स्वतः ८० किलो, असा २८० किलोंचा भार चार चौरस मीटरांवर पसरला, तर चौरस मीटरमागे ७० किलो होतात. पुस्तकांनी भरलेले कपाट याहून अधिक भार देते. तेव्हा योग्य रीतीने बांधलेल्या आरसीसी इमारतीत या स्थिर भाराची चिंता करण्याचे कारण नाही. जुने वाडे, लाकडी तुळयांचे माळे, तडे गेलेले किंवा सळया उघड्या पडलेले स्लॅब यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय काहीही ठेवू नये. गच्चीसारख्या बाहेर काढलेल्या सज्जातही ठेवू नये. मानकात सज्जासाठी अधिक भार धरलेला असतो हे खरे, पण तो एका बाजूनेच आधारलेला असतो आणि बंदिस्त करून, फरशीवर फरशी चढवून आपण त्याच्यावर किती भार आधीच टाकला आहे, याचा हिशेब कोणाकडे नसतो.

खरी अडचण भाराची नसून आघाताची आहे. १०० किलोंचा बार गुडघ्याच्या उंचीवरून सुटला तर क्षणभर फरशीवर त्याच्या कितीतरी पट जोर येतो. त्याने स्लॅब पडणार नाही, पण फरशी फुटेल आणि खालच्या घरातील माणसे दचकून उठतील. काम सुरू करण्यापूर्वी खोलीतील प्रत्येक फरशीवर नाण्याने टकटक करून पाहा. जी पोकळ वाजेल तिच्याखाली सिमेंट नीट भरलेले नाही आणि ती पहिल्यांदा फुटेल. त्यावर उपाय म्हणजे भार पसरवणे. खाली १० मिलिमीटर रबर, त्यावर १८ मिलिमीटर प्लायवूड आणि वर पुन्हा १५ मिलिमीटर रबर असा थर बार टेकतो तेवढ्या जागेत आणि स्टँडच्या पायांखाली द्या. कोड्यासारखे तुकडे एकमेकांत अडकवायची जी मऊ फोमची चटई मिळते, ती योगासनांना ठीक आहे. भार घेऊन उभे राहिल्यावर ती दबते आणि पाऊल डगमगते.

आता भिंतींविषयी. गेल्या काही वर्षांत बांधलेल्या बहुतेक इमारतींत आतल्या भिंती हलक्या एएसी ब्लॉकच्या असतात, ज्यांना गवंडी सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हा ब्लॉक सच्छिद्र असतो. साधा अँकर फास्टनर त्यात फुगून घट्ट बसण्याऐवजी आजूबाजूचा ब्लॉकच चुरडतो, आणि काही आठवडे लटकून झाल्यावर लटकून अंग वर खेचायचा संपूर्ण पुल-अप बार हातात येतो. भिंत कसली आहे हे ओळखायला एक लहान छिद्र पाडा: पांढरट करडी, मऊ भुकटी आली तर एएसी, लालसर आली तर वीट, आणि ड्रिल जोर लावूनही सहज आत जाईना तर काँक्रीट. अॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या इमारतींत भिंतीच काँक्रीटच्या असतात. तिथे फास्टनर उत्तम बसतो, पण त्या भार पेलणाऱ्या भिंती असल्यामुळे सळई तोडू नये आणि सोसायटीला विचारल्याशिवाय छिद्रे पाडू नयेत. दाराच्या चौकटीत फिरवून ताणून बसवायचा बार नव्या चौकटींना लावू नका. पूर्वीची सागवानी चौकट भिंतीत होल्डफास्टने (भिंतीत रुतवलेल्या लोखंडी पट्ट्यांनी) पक्की केलेली असे. आताच्या बऱ्याच चौकटी स्क्रू आणि फोमवर उभ्या असतात. आणि पंख्याच्या हुकाला पट्टे, रिंगा किंवा मुष्टियुद्धाची पिशवी कधीही लटकवू नये. लटकून झोके घेतल्यावर त्यावर जो हिसका बसतो, त्यासाठी तो हुक बसवलेला नसतो.

तुम्ही स्टँड घेणारच असाल तर वर आडवा दांडा असलेला घ्या, म्हणजे पुल-अपसाठी भिंतीला हातच लावायला नको.

पाऊलवाट

ओळंबा, मनापासून आभार. छिद्र पाडून पाहिले. पांढरट भुकटी आली. म्हणजे दुकानदाराने दाखवलेला भिंतीवरचा बार रद्द.

गोदाकाठ

ट्रेडमिलविरुद्ध सगळे बोलतील, म्हणून तिच्या बाजूने लिहिते. मी नाशिकला राहते, माझे वय ५२ आहे. सहा वर्षांपूर्वी ट्रेडमिल घेतली आणि आजही आठवड्यातून पाच दिवस वापरते. पहाटे एकटीने रस्त्यावर चालायला मला सुरक्षित वाटत नाही, पावसाळ्यात तर रस्ताच नसतो, आणि माझ्या रक्तदाबासाठी चालणे हेच मुख्य औषध आहे. ज्याच्या दिनक्रमात चालण्याला दुसरी जागा नाही, त्याच्यासाठी ट्रेडमिल ही चैन नव्हे.

मात्र घेताना मला कोणी न सांगितलेल्या गोष्टी सांगते. मोटारीची अश्वशक्ती लिहिताना बहुतेक ठिकाणी क्षणिक कमाल आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. सतत चालताना मिळणारी शक्ती त्याहून बरीच कमी असते आणि तीच विचारून घ्यावी. पट्ट्याची रुंदी आणि लांबी स्वतः चालून पाहावी. उंच माणसाचे पाऊल आखूड पट्ट्यावर मागे अडखळते. तिला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. मल्टिप्लगवर चालवल्यामुळे आमच्या पहिल्या प्लगचे प्लास्टिक वितळले होते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर ती चालवू नये, आणि वीज गेली की पट्टा एकदम थांबतो हे लक्षात ठेवावे. सुरक्षा किल्ली ओढली गेली की यंत्र बंद होते, तिची दोरी कपड्याला लावायची सवय ठेवावी. पट्ट्याखाली ठरावीक काळाने सिलिकॉनचे तेल घालावे लागते. ते टाळले तर घर्षण वाढून मोटारीवर ताण येतो. माझ्या पहिल्या यंत्राची मोटार याच कारणाने दोन वर्षांत गेली, आणि दुरुस्तीला माणूस येईपर्यंत पाच आठवडे लागले. म्हणून यंत्राइतकीच चौकशी आपल्या शहरात दुरुस्तीची सोय कोणाकडे आहे याची करावी.

जुना_आखाडा

गोदाकाठ ताई, आपले म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप ट्रेडमिलवर नसून सगळे पैसे तिच्यावर संपवण्यावर आहे. पाऊलवाट यांना चालण्याची इतर सोय आहे का, हा पहिला प्रश्न. त्यांच्या पत्नीच्या हाडांसाठी जे हवे आहे ते ट्रेडमिलने होणार नाही, हा दुसरा मुद्दा.

मनगट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून वहिनी आणि काका यांच्याविषयी लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी याशिवाय आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणाऱ्या विविध हालचाली सुचवल्या आहेत. घरातल्या साहित्याची यादी करताना हे तिन्ही भाग समोर ठेवावेत. चालण्याचा भाग बहुतेकांना आठवतो आणि उरलेले दोन राहून जातात.

हाडे आपल्यावर येणाऱ्या भारानुसार स्वतःला घडवतात. नुसते चालणे किंवा सायकल चालवणे मणक्याला आणि खुब्याला तो भार पुरेसा देत नाही. वाढत्या वजनाचे स्क्वॉट, डेडलिफ्ट, खांद्यावरून वर ढकलणे हे प्रकार देतात. म्हणून वहिनींसाठी बार आणि प्लेटा हे साहित्य योग्यच आहे, पण सुरुवात २० किलोंच्या बारने करू नये. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी २ ते १० किलोंपर्यंतची डंबेल्स हवीत. घनता किती कमी आहे यावर पुढे वाकण्याचे आणि कंबर पिळण्याचे कोणते प्रकार टाळायचे ते ठरते, म्हणून पहिले काही दिवस जाणत्या व्यक्तीच्या देखरेखीखाली शिकणे हा साहित्याच्याच खर्चाचा भाग समजावा. श्वास रोखून वजन उचलू नये. जोर लावताना श्वास सोडावा, विशेषतः रक्तदाब असेल तर.

काकांसाठी साहित्यावर जवळजवळ काहीच खर्च करावा लागणार नाही. हात नसलेली, न डगमगणारी एक लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि हातांचा आधार न घेता तिच्यावरून उठणे-बसणे हाच त्यांचा मुख्य व्यायाम समजा. गुडघे फार दुखत असतील तर आसनावर पाट किंवा घट्ट गादी ठेवून उंची वाढवा आणि आठवड्या-आठवड्याने ती कमी करत जा. जुना_आखाडा यांच्या कसोटीप्रमाणे, इथे उंची कमी करणे म्हणजे भार वाढवणे. सोबत दोन-तीन ताणांचे रबरी पट्टे आणि घोट्याला बांधायची १ किलोची वजने पुरेत. व्यायामसायकल घ्यायचीच असेल तर पाठीला टेकण असलेली, पाय पुढे ठेवून चालवायची घ्यावी, कारण तिच्यावर चढणे-उतरणे सोपे असते. पण ती दुय्यम आहे.

भाट्याची_वाळू

रत्नागिरीहून लिहितो. पुण्यात एवढा त्रास होणार नाही, पण कोकणात किंवा गोव्यात राहणारे कोणी हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी. खाऱ्या दमट हवेत स्वस्त क्रोमचा मुलामा पहिल्या दोन पावसाळ्यांतच पापुद्र्यांसारखा सुटतो आणि ते पापुद्रे तळहातात घुसतात. परवडत असेल तर बार स्टेनलेस स्टीलचा घ्यावा. नाहीतर झिंकचा मुलामा असलेला घेऊन, व्यायामानंतर घाम कोरड्या फडक्याने पुसावा आणि आठवड्यातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. रबराच्या चटईखाली ओल साठते, तेव्हा पावसाळ्यात महिन्यातून एकदा ती उचलून जमीन वाळू द्यावी. बेंचच्या रेक्झिनला शिवणीच्या बाजूने बुरशी धरते. रबरी पट्टे उन्हात ठेवले तर तडकतात आणि दमटपणात एकमेकांना चिकटतात. शंखजिऱ्याची भुकटी लावून अंधाऱ्या कपाटात ठेवले तर टिकतात. वापरण्याआधी प्रत्येक वेळी ताणून बारीक चिरा पाहाव्यात. माझा एक पट्टा सुटून डोळ्याच्या अगदी खाली लागला होता.

पंचगंगा

एवढ्या चर्चेत मुद्गलाचे, म्हणजे हातात धरून फिरवायच्या जाड टोकाच्या लाकडी दांड्याचे, नाव निघाले नाही, म्हणून कोल्हापूरकर या नात्याने लिहिणे मला आवश्यक वाटते. आमच्याकडे गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग या तालमींत पिढ्यान् पिढ्या जोर, बैठका, मुद्गल आणि जोडी यांवरच मल्ल घडले. हे मी केवळ अभिमानापोटी सुचवत नाही. घरच्या खोलीसाठी मुद्गल हे विचारपूर्वक निवडावे असे साहित्य आहे, कारण त्याचा भार वजनापेक्षा लांबीतून येतो. ५ किलोंचे डंबेल मुठीतच असते. ५ किलोंच्या मुद्गलाचे वजन मुठीपासून दीड-दोन फूट दूर, जाड टोकाला एकवटलेले असते. त्यामुळे तेच वजन खांदा, मनगट आणि पाठीचा वरचा भाग यांना कितीतरी जास्त कामाला लावते. मूठ जाड भागाच्या जवळ धरली तर हलके, दांड्याच्या टोकाला धरली तर जड, असा भार वाढवण्याचा मार्गही त्यात आहे. दिवसभर संगणकासमोर वाकून बसणाऱ्याच्या खांद्यांना या हालचालीची फार गरज असते.

घेताना लाकूड शिसवी किंवा बाभळीचे, एकाच खोडातून कातलेले असावे. जोड देऊन चिकटवलेले घेऊ नये. मूठ तळहाताला पूर्ण भरली पाहिजे आणि तिच्या टोकाला गाठ असली पाहिजे, नाहीतर घामाने हात निसटतो. नवशिक्याने २ ते ३ किलोंच्या हलक्या जोडीने सुरुवात करावी. फिरवताना चहूबाजूंनी किमान हातभर अधिक मोकळी जागा लागते. तुमच्या खोलीत मधोमध उभे राहिल्यास जागा आहे, पण डोक्यावर पंखा आहे, आणि तो मुद्गलाच्या वाटेत येणारच.

जुना_आखाडा

पंख्याचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता, तो पंचगंगांनी बरोबर पकडला. बारचाही हिशेब करून पाहू. पावणेसहा फूट उंचीच्या माणसाची मूठ हात पूर्ण वर केल्यावर सव्वासात फुटांपर्यंत जाते. ४५ सेंटिमीटर व्यासाची प्लेट असेल तर तिची वरची कड पावणेआठ-आठ फुटांवर येते. स्लॅब ९ फूट २ इंचांवर आहे, म्हणजे स्लॅबची अडचण नाही. पण पंख्याची पाती स्लॅबच्या फूटभर खाली असतात आणि १२०० मिलिमीटरच्या पंख्याचा व्यास चार फुटांचा असतो. तो काढून भिंतीवरचा पंखा लावा, हा माझा आग्रह आहे.

स्टँडविषयी राहिलेले सांगतो, कारण घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे. जिममध्ये शेवटच्या वेळी वजन उचलताना अडकले तर शेजारचा माणूस धावतो. घरी कोणी नसते, आणि छातीवर बार अडकून लोकांचे जीव गेले आहेत. म्हणून दोन सुटे खांब असलेला स्टँड घेऊ नका. खाली जोडलेला चौकटीचा हाफ रॅक घ्या आणि त्याला पुढे आलेले दोन सुरक्षा-दांडे असलेच पाहिजेत. बेंचवर झोपून, छाती फुगवल्यावर तिच्या किंचित खाली येतील अशा भोकात ते अडकवायचे. बार सुटला तरी गळ्यावर न येता दांड्यांवर टेकतो. भोकांमधले अंतर दोन इंचांपेक्षा जास्त असेल तर ही उंची नेमकी साधत नाही. चौकोनी पाइपच्या पत्र्याची जाडी कॅलिपरने मोजा आणि २ मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर सोडून द्या. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून रॅक करून घेणारे पुष्कळ आहेत आणि काम चांगले असेल तर ते स्वस्तही पडते, पण वेल्डिंग सलग आणि सर्व बाजूंनी झालेले असावे, नुसते टाके मारलेले नसावे.

बेंच घेताना लिहिलेली क्षमता तुमचे वजन आणि उचलायचे वजन यांच्या बेरजेपेक्षा बरीच अधिक हवी. माझ्या पहिल्या बेंचची पाठ एका बारीक पिनवर टेकलेली होती. ती पिन वाकली तेव्हा हातात दोन्हीकडे साडेसतरा किलोंची डंबेल्स होती आणि खांदा महिनाभर दुखला. शिडीसारख्या खाचांत अडकणारी पाठ असलेला बेंच घ्या. उताणे झोपल्यावर बसण्याची आणि पाठीची गादी यांत फट किती उरते तेही झोपूनच पाहा.

ओळंबा

आणि वेळेचा एक मुद्दा. खालच्या शेजाऱ्यांना साहित्य येण्याआधी सांगा, आल्यावर नको. त्यांना वर बोलावून थर दाखवा, तुम्ही बार टेकवा आणि त्या वेळी खाली किती आवाज येतो ते एकाने त्यांच्या घरात बसून ऐका.

पाऊलवाट

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण सगळे आणून, लावून आणि थोडे वापरून मगच लिहायचे ठरवले होते.

वर आडवा दांडा आणि सुरक्षा-दांडे असलेला हाफ रॅक, शिडीच्या खाचांचा बेंच, २० किलोंचा बार, आणि एका बंद पडलेल्या जिमच्या जुन्या सामानातून ८० किलो लोखंडी प्लेटा घेतल्या. पत्नीसाठी २, ४, ६ आणि ८ किलोंच्या डंबेल्सच्या जोड्या घेतल्या. वाढ अडीच किलोंपेक्षा लहान टप्प्यांनी करता यावी म्हणून सव्वा किलोच्या प्लेटांची एक जोडी आणि त्याहून लहान, अर्ध्या किलोची एक जोडीही शोधून आणली. ट्रेडमिल घेतलेली नाही. वडील आणि मी सकाळी कालव्याच्या कडेने चालतो. खुर्चीवर दोन इंचांची घट्ट गादी ठेवून वडिलांनी सुरुवात केली होती, ती गेल्या सोमवारी काढली. पंखा काढून भिंतीवर लावला, आणि एएसीची भिंत असल्यामुळे तो रासायनिक अँकरवर बसवून घेतला. रबर, प्लाय आणि रबर या थराला माझ्या अंदाजापेक्षा अधिक पैसे लागले आणि खर्च ५० हजारांच्या थोडा वर गेला. नव्या रबराचा वास मात्र आठवडाभर सज्जात ठेवूनही पूर्ण गेलेला नाही.

खालच्या काकू वर आल्या होत्या. मी ६० किलोंचा बार सावकाश टेकवला तेव्हा त्यांच्या घरात माझी पत्नी बसली होती. तिला आवाज आला, पण तो खुर्ची सरकवल्याइतकाच होता. सकाळी साडेसहाच्या आधी डेडलिफ्ट करायचे नाही, एवढे त्यांच्याशी ठरले आहे.

प्लेटा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर तोलल्या. १० किलो लिहिलेल्या चार प्लेटा ९.५, ९.६, १०.२ आणि १०.३ भरल्या. पहिल्या दोन एका जोडीत आणि पुढच्या दोन दुसऱ्या जोडीत लावून प्रत्येकीच्या आतल्या बाजूला खरे वजन पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे.